एक केस मागं

तुमच्या गाडीचं इग्निशन टायमिंग तुम्ही शेवटचं कधी सेट केलंत? डोकं खाजवू नका. तुमची गाडी गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली असेल, तर उत्तर सोपं आहे : कधीच नाही. ते काम बॉनेटखालचा एक छोटा कॉम्प्युटर करतो, तुमच्या नकळत, सेकंदाला कितीतरी वेळा. तुम्ही फक्त बटण दाबायचं आणि एफएम लावायचा.

त्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये काय भरायचं, हे ठरवणाऱ्या टीममध्ये मी पुण्यात काम करते. म्हणजे हिंजवडीला एसीत बसून स्क्रीनवरच्या मोठ्या तक्त्याकडे बघत राहायचं. आडव्या ओळीत इंजिनाचा वेग, उभ्या ओळीत त्याच्यावरचा भार आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा : पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी टाकायची. लग्नात कोणी विचारलं की मी ‘आयटीत आहे’ एवढंच सांगते. पुढचं ऐकायला कोणी थांबत नाही. अपवाद बाबांचा. ते एकदा तो तक्ता निरखून म्हणाले होते, ‘‘म्हणजे डेल्कोच की. फक्त तुमचा लई महाग आहे.’’

डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या मेस्त्रीला डिस्ट्रिब्युटर म्हणा, तो म्हणेल, ‘‘ते काय?’’ डेल्को म्हणा, लगेच हात पुसून पुढे येईल. हा शब्द अमेरिकेतल्या डेटन गावचा. ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून तो झाला. तिथल्या चार्ल्स केटरिंगने बॅटरीवर चालणारी इग्निशनची पद्धत तयार केली आणि १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत ती बसली. कंपनीचं नाव सात समुद्र ओलांडून कोल्हापूरच्या उद्यमनगरात आलं आणि वस्तूचं नाव होऊन बसलं. वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणतो, तसंच.

आमची गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. घरात तिला पद्मिनी कोणीच म्हणत नाही, ती ‘फियाट’. तेही बरोबरच आहे म्हणा, मुळात ती फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती बनायची, पुढे नाव बदललं आणि शतक बदलता बदलता तिचं उत्पादन थांबलं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात माझ्या फोनवर निदान पंधरा जणांनी तीच बातमी पाठवली. बाबांना दाखवली तर म्हणाले, ‘‘टॅक्सी गेल्या. आपली कुठं टॅक्सी आहे?’’

आमचं घर पन्हाळ्यावर. लोक तिथे वीकेंडला येतात, तीन दरवाजापाशी फोटो काढतात, झुणका-भाकर खातात आणि सज्जा कोठीवरून दरीत बघत ‘काय मस्त ना इथं राहायला’ म्हणून सूर्यास्तानंतर खाली उतरतात. राहणाऱ्याला जून ते सप्टेंबर विचारा. घरातल्या भिंतींना घाम, कपड्यांना वास आणि दारातली गाडी दोन हातांवर दिसत नाही असलं धुकं. डेल्कोला ओल सोसत नाही. वरच्या काळ्या कॅपच्या आत दव धरलं की करंट प्लगकडे जायच्या ऐवजी ओल्या बाजूने निसटतो आणि गाडी नुसती कण्हत राहते. म्हणून आमच्याकडे पावसाळ्यात डेल्कोची कॅप रात्री घरात यायची. आई ती फडक्यात गुंडाळून गॅसच्या ओट्याशेजारी ठेवायची, लोणच्याच्या बरणीच्या पलीकडे. सकाळी बाबा शाळेत जाताना डबा, छत्री आणि कॅप अशा तीन वस्तू मागायचे. मला कितीतरी वर्षं वाटायचं की सगळ्यांच्याच घरी असं असतं.

बाबांचं कान हे त्या वेळी पन्हाळ्यावरचं एक प्रस्थ होतं. पेशाने मास्तर, पण खालून गाडी चढत आली की ओट्यावर बसून सांगायचे, ‘‘ह्याचा तिसरा प्लग मारत नाही.’’ मला त्यांनी आवाज शिकवले तेही शाळामास्तरासारखे, उदाहरणं देऊन. टॅपेट सैल असेल तर शिलाई मशिन चालल्यासारखा आवाज येतो, एका लयीत, उभ्या गाडीतही. नॉकिंग असेल तर पत्र्याच्या डब्यात शेंगदाणे हलवल्यासारखा, आणि तो फक्त चढावर, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना. पाय उचलला की गप्प.

हे सगळं सांगायचं कारण २०२५ च्या दिवाळीत घडलं. मी पुण्याहून एसटीने आले. (कोल्हापुरात असते तर ‘मी आलो’ म्हणाले असते. आमच्याकडच्या मुली तसंच बोलतात, पुण्यात दहा वर्षं काढून मी तेवढं मात्र घालवून बसले.) बाबा स्टँडवर न्यायला आले होते. पंचगंगेवरचा शिवाजी पूल, केर्ली, नेहमीच्या गप्पा. वाघबीळला पन्हाळ्याकडे वळलो, चढ लागला आणि डब्यात शेंगदाणे वाजायला लागले. बारीक नाही, चांगले मूठभर. मी बाबांकडे बघितलं. ते माझ्या भावाच्या बंगळूरच्या फ्लॅटबद्दल बोलत होते. तिसऱ्या गिअरमध्ये, पाय दाबून, आरामात.

मी म्हटलं, ‘‘बाबा, ऐकू येतंय?’’

‘‘काय?’’

त्यांना येत नव्हतं.

यात जादू काही नाही, फिजिक्स आहे. नॉकिंग म्हणजे ठिणगीने पेटवलेली ज्वाला पोहोचायच्या आधीच, सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःच भडकणं. त्या धक्क्याने आतला वायू घंटेसारखा वाजतो. सिलिंडर जितका अरुंद, तितका तो आवाज बारीक. पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, म्हणजे हिशेबाने तो आवाज साधारण आठ हजार हर्ट्झच्या आसपास येतो. आणि वय झालं की माणसाच्या कानातून सगळ्यात आधी जातात ते हेच वरचे, बारीक आवाज. माणसाचं बोलणं अजून ठीक ऐकू येतं, त्यामुळे ना त्यांना पत्ता लागतो, ना घरच्यांना. बाबांच्या कानातून वर्षभरात आधी प्रेशर कुकरची बारीक शीळ गेली असेल, मग रातकिडे आणि मग केव्हातरी आपल्याच गाडीचं नॉकिंग. ती गाडी किती महिने तशी वाजत चढत होती, देव जाणे. असंच चालवत राहिलं तर पिस्टनला भोक पडतं.

बंगळूरच्या भावाचं म्हणणं वेगळं होतं. गाडीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नव्याने करावं लागतं : २००१, २००६, २०११, २०१६, २०२१ आणि आता २०२६. त्यातच ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारने वीस वर्षांवरच्या मोटारींच्या नूतनीकरणाची फी १०,००० रुपये केली. ‘‘दहा हजार भरून भंगार सांभाळायचं? शिवाय ज्या माणसाला ऐकू येत नाही त्याने घाट चालवायचा?’’ व्हिडिओ कॉलवर तो बोलत होता आणि मला त्याचं चुकलं असं म्हणता येत नव्हतं. बाबा लाडू खात होते. शेवटी म्हणाले, ‘‘डेल्को काढतो. सेट करून वाघबिळातून चढवतो. वाजली तर ने.’’

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी डेल्को काढला. खरं तर तो काढायच्या आधी खुणा करायच्या असतात. रोटरचं टोक कुठे बघतंय तिथे बॉडीवर एक रेघ, बॉडी इंजिनावर कशी बसलीय तिथे दुसरी. आज मोबाइलने फोटो काढलात तरी चालतं. तुमच्याकडे आजोबांची गाडी असेल तर एवढं नक्की करा, अर्धं टेन्शन तिथेच संपतं. पण आमचा पार्ट दुरुस्तीलाच चालला होता. आतलं सगळं हलणार होतं, त्यामुळे खुणांचा फारसा उपयोग नव्हता.

उद्यमनगरात त्या कामाचा माणूस सापडायला वेळ लागत नाही. कोल्हापूरचा हा भाग म्हणजे फाउंड्र्या, लेथ आणि चहाच्या गाड्या. इथल्या लोकांनी स्वतः बघून-बघून ऑइल इंजिनं बनवली, त्याच्या गोष्टी अजून सांगतात. मेस्त्रीने डेल्कोचा शाफ्ट दोन बोटांत धरून हलवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘ताई, ह्यो तर पाळणा झालाय.’’ बुश झिजला होता. शाफ्ट डुगडुगला की सीबी पॉइंटमधली फट प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडते, म्हणजे चार सिलिंडर, चार टायमिंग. दुसरी भानगड आणखी खाली होती. डेल्कोच्या पोटात दोन वजनं असतात, बारीक स्प्रिंगांनी धरलेली. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे ओढतात. इंजिन जितकं जोरात, ठिणगी तितकी लवकर. (माझ्या ऑफिसातल्या तक्त्याची अख्खी आडवी ओळ म्हणजे या दोन स्प्रिंगा. बाबा म्हणाले ते खोटं नाही.) एक स्प्रिंग ताणून सैल झाली होती, त्यामुळे गाडी कमी वेगालाच टायमिंग पुढे नेत होती. चढावरच्या शेंगदाण्यांचं कारण हे.

मेस्त्रीने गनमेटलचा नवा बुश लेथवर काढून बसवला आणि जुन्या डेल्कोंनी भरलेल्या खोक्यात हात घालून स्प्रिंगांची जोडी शोधली. एक ओढून बघायची, नाक मुरडायचं, परत टाकायची. अर्धा तास तेच. त्याच्याकडे मोजायला काही नव्हतं आणि बाबांना त्याच्यावर काडीचाही संशय नव्हता. मी मात्र मनातल्या मनात ग्राफ काढत बसले होते.

आता घरचं काम. सगळ्यात आधी पॉइंटची फट, फिलर गेज लावून. हे आधी, कारण फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं. उलट क्रमाने केलंत तर केलेलं सगळं पाण्यात. मग चारही प्लग काढले. गाडी टॉप गिअरमध्ये, मी मागून ढकलतेय, बाबा बॉनेटमध्ये वाकून पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा दाबून उभे. समोरच्या घरातली मुलं हसायला जमली.

अंगठा कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी : पिस्टन वर येतो तो दोन वेळा. एकदा मिश्रण दाबत आणि एकदा जळलेला धूर बाहेर ढकलत. पुलीवरची खूण दोन्ही वेळा कव्हरवरच्या खुणेशी जुळते, त्यामुळे खूण बघून फसायला होतं. चुकीच्या फेरीला डेल्को बसवला तर तो बरोबर अर्धा फेरा उलटा बसतो. मग गाडी चालू होत नाही, कार्ब्युरेटरमधून ‘फट’ करून आग ओकते आणि बघणाऱ्यांची करमणूक होते. दाबाच्या फेरीला मात्र अंगठा वर उडतो. तेवढं अंगठ्याला कळतं. बाबा ओरडले, ‘‘आला! हळू... हळू... बास.’’ ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. अंगठा अजून शाबूत होता.

रोटरचं टोक कॅपच्या एक नंबरच्या वायरीकडे राहील असा डेल्को खाली सोडला, दाते बसले, क्लॅम्प नुसता टेकवला. मग बाबांचा टेस्ट लॅम्प : बारा व्होल्टचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी. एक वायर कॉइलकडून डेल्कोला येणाऱ्या टर्मिनलवर, दुसरी इंजिनाच्या लोखंडाला. किल्ली ऑन. पॉइंट मिटलेले असतात तोवर करंट त्यांच्यातूनच अर्थ होतो, बल्ब विझलेला. डेल्कोची बॉडी हळूहळू फिरवत जायचं. ज्या क्षणी पॉइंट उघडतात, त्या क्षणी बल्ब लागतो. तोच ठिणगीचा क्षण. तिथे थांबायचं, क्लॅम्प आवळायचा. आवळताना बॉडी किंचित सरकते, म्हणून परत तपासायचं. मग वायरी, रोटर फिरतो त्या दिशेने एक-तीन-चार-दोन. हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ होता.

दुसऱ्या सेल्फला गाडी लागली. बाबांनी कॉलर उगाच नीट केली.

माझ्याकडे पुण्याहून आणलेला टायमिंग लाइट होता. त्याची क्लिप एक नंबरच्या वायरीला लावली की प्रत्येक ठिणगीला तो लखकन चमकतो आणि गरगर फिरणारी पुली जागच्या जागी थांबल्यासारखी दिसते. बाबांनी हा प्रकार प्रत्यक्ष पहिल्यांदाच बघितला. बराच वेळ बघत राहिले. नव्या बुशमुळे खूण जराही थरथरत नव्हती. वेग वाढवला की खूण सावकाश पुढे सरकायची, सोडला की परत. उद्यमनगरातल्या खोक्यातल्या त्या स्प्रिंगा! मेस्त्रीच्या नाकाला मानलं. नाद खुळा.

थोडा हिशेब बघा, मजा वाटेल. मिनिटाला ३,००० फेरे असतील तर चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. क्रँकच्या दहा अंशांचा प्रवास होतो सेकंदाच्या साधारण अठराशेव्या भागात. डेल्को इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्याची बॉडी एक अंश हलवली की टायमिंग दोन अंश हलतं. आणि हे सगळं हाताने, तेरा नंबरचा पाना दुसऱ्या हातात धरून.

पण पुस्तकातला आकडा आणि आपली गाडी यांचं गोत्र जुळतंच असं नाही. पद्मिनीचं पुस्तक छापलं तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते देशभर बंद झालं २००० मध्ये. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं. त्याला नॉकिंग सोसतं जास्त, पण जुन्या रबरी नळ्या ते खातं आणि कार्ब्युरेटरला थोडं उपाशी ठेवतं. त्यात पन्हाळा समुद्रसपाटीपासून साडेनऊशे मीटरच्या वर. हवा पातळ, त्यामुळे इथे जी गाडी गप्प आहे ती खाली कोल्हापुरात बोलू शकते. लाइटने निम्मं काम होतं. उरलेलं चढावर.

वाघबिळापर्यंत खाली गेलो, गाडी वळवली. बाबा चालवत होते, खिडक्या उघड्या. मी बाहेर डोकं काढून, डोळे मिटून बसले होते. ज्या सेन्सरचं सॉफ्टवेअर मी रोज तपासते, तो इंजिनाला बोल्टने घट्ट बसवलेला असतो, त्याला वारा लागत नाही. मला लागत होता.

तिसरा गिअर, पाय पूर्ण खाली. पहिल्या वळणाला काही नाही. दुसऱ्या वळणाच्या पुढे, जिथे चढ अंगावर येतो, तिथे आलाच. अगदी थोडा. दोन-तीन शेंगदाणे.

मी काही क्षण गप्प राहिले. खरं सांगते, त्या क्षणात सगळं डोक्यात येऊन गेलं. ‘वाजली तर ने’ असं त्यांनी स्वतः म्हटलं होतं. आणि वाजलं हे कळायला गाडीत फक्त माझे कान होते.

‘‘वाजतंय,’’ मी म्हटलं.

बाबांनी गाडी कडेला घेतली, मागच्या चाकाला दगड लावला. डिकीतून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला. लहानपणी मी हे शंभरदा बघितलंय. मला म्हणाले, ‘‘रेस दे.’’ मी दिली. ते तसेच वाकून उभे. मग मूठ काढून घेतली आणि स्क्रू ड्रायव्हर पुसायला लागले, जरा जास्तच वेळ.

‘‘काही लागत नाही मला,’’ म्हणाले. ‘‘किती वाजतंय? मूठभर?’’

‘‘नाही. दोन-तीन दाणे. वळणानंतर लगेच, पुढे नाही.’’

‘‘मग एक केस मागं.’’

त्यांनी क्लॅम्प सैल केला आणि माझा हात डेल्कोवर ठेवला. गरम होता. त्यांनी वर आपला हात ठेवला आणि जेवढं फिरवलं ते मला दिसलंही नाही, फक्त बोटांना कळलं. ‘‘बघ. एवढाच असतो केस.’’ क्लॅम्प आवळला. परत खाली, परत वळवली, परत चढ. वळण गेलं, चढ गेला, पुढचा सगळा घाट गेला. नुसतं इंजिन आणि वारा. मी सांगेपर्यंत बाबा समोर बघत होते.

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘शप्पत.’’

‘‘शपथ कशाला घालतेस? डेल्कोला विश्वास आहे तुझ्यावर.’’

नाक्यापाशी आम्ही थांबलो नाही. घरी येऊन त्यांनी कॅलेंडरच्या मागून जुनी वही काढली, तारीख घातली आणि पुढे ‘बुश नवा, स्प्रिंग बदलली, एक केस मागं’ असं लिहिलं. मी अंशांत आकडा सांगितला, तोही कंसात लिहिला. भावाला मी फोनवर एवढंच सांगितलं, की गाडी वाजत नाही. ‘आणि बाबा?’ त्याने विचारलं. कोल्हापुरात कानाच्या डॉक्टरांची वेळ मी तोवर घेतली होती, शुक्रवारची. दहा हजारांचं मात्र अजून काही ठरलेलं नाही. बाबा म्हणतात, फॉर्म भर, बघू. तोपर्यंत एकट्याने घाट उतरायचा नाही, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. पाळतात की नाही ते आई कळवते.

निघताना त्यांनी यादी दिली : कार्ब्युरेटरचं किट, पेट्रोलच्या दोन नव्या नळ्या, इथेनॉल सोसणाऱ्या. आणि तो लखलखणारा लाइट इथेच राहू दे म्हणाले, पुण्यात तुला काय त्याचा उपयोग.